हिवऱ्याची औषधबाग आणि डॉ. गिब्सन

नारायणगाव म्हटले की टोमॅटोचा बाजार आठवतो, द्राक्षाचे मळे आठवतात, शेजारच्या खोडदची महादुर्बीण आठवते. याच जुन्नर तालुक्यातल्या हिवरे गावी पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक सरकारी बाग होती. तिथला माल आठवडे बाजारात जात नसे. पाने खुडली जात, कुटली जात, त्यांचा रस आटवला जाई आणि तयार झालेले औषध थेट लष्कराच्या औषध भांडारात पोहोचे. या बागेचा कारभार ज्यांच्याकडे होता ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनखात्याच्या इतिहासात मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून प्रसिद्ध आहेत. जंगलाचे काम हाती घेण्यापूर्वी त्यांच्या आयुष्याची जी वर्षे औषधांमागे गेली, त्यांची आठवण मात्र फारशी निघत नाही.

गिब्सन यांचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडच्या किंकार्डिनशायर परगण्यातला. एडिंबरोला त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी तिथे डॉक्टर व्हायचे म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. कारण उघड आहे. औषधाच्या दुकानातला बहुतेक माल मुळे, साली, पाने, डिंक अशाच रूपात येत असे. भेसळ ओळखायची तर मूळ झाड ओळखता यायला हवे. स्कॉटलंडमधून हिंदुस्थानात आलेल्या कितीतरी कंपनी-डॉक्टरांनी इथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिले, त्यामागे हे शिक्षण होते. १८२५ मध्ये गिब्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले.

पुढे त्यांच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवी काढण्याचे काम आले. मुंबईत देवीची पहिली लस १८०२ साली टोचली गेली होती आणि तिचा प्रसार आता खेड्यापाड्यांत करायचा होता. लस कुपीत टिकत नसे, म्हणून ती हातावरून हातावर न्यावी लागे. एका मुलाच्या दंडावर फोड आला की आठवड्याभराने त्यातली लस पुढच्या मुलाला टोचायची, मग त्याच्यावरून तिसऱ्याला. साखळी तुटली की सगळी मेहनत वाया. हे काम कचेरीत बसून होणारे नव्हते. पाटलाला पटवायचे, आयाबायांची भीती घालवायची, पुन्हा आठवड्याने त्याच गावात यायचे, यासाठी लोकांची भाषा यावी लागे आणि पायपीटही करावी लागे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून खाली पठारापर्यंतचा मुलूख पायाखालून जायचा, आणि वनस्पतींची नजर असलेल्या माणसाला वाटेत काय काय दिसत असेल, याची कल्पना करता येते.

१८३८ मध्ये त्यांची नेमणूक पुण्याजवळच्या दापुरी, म्हणजे आजच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक म्हणून झाली. ही जागा मूळची कॅप्टन फोर्ड यांची. १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांची पलटण घेऊन इंग्रजांना मिळालेले ते हेच फोर्ड. त्यांचा बंगला आणि बाग गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सरकारसाठी घेतली. बंगल्यात गव्हर्नर उतरत आणि भोवतालच्या बागेत परदेशी झाडांची रोपे वाढत. नवे पीक आणायचे, ते इथे रुजते का पाहायचे, बी-रोपे वाटायची, असा तिचा उद्देश होता. त्या बागेच्या जोडीला जुन्नरकडे हिवऱ्याची बाग होती आणि तिचा रोख विशेषकरून औषधांवर होता.

औषधांसाठी बाग काढण्याची वेळ का आली, हे समजायला तेव्हाचा औषधपुरवठा डोळ्यांपुढे आणावा लागेल. कंपनीच्या फौजेला लागणारी औषधे विलायतेहून येत. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला काही महिने लागत. पेटारे जहाजाच्या तळघरात दमट हवेत पडून असत. आटवून केलेले वनस्पतींचे घनसत्त्व म्हणजे गुळाच्या काकवीसारखा चिकट पदार्थ. त्याला बुरशी येई, तो आंबे किंवा वाळून दगड होई. मुंबईत पेटी उघडल्यावर त्यात औषधी गुण किती उरला आहे, हे सांगणारी कुठलीही सोपी परीक्षा नव्हती. डॉक्टर लंडनच्या पुस्तकातली मात्रा देई. ती लागू पडली नाही तर दुप्पट करी, आणि दुसरी बरणी ताजी निघाली तर तीच दुप्पट मात्रा रोग्याच्या जिवावर बेतू शके. त्यामुळे प्रश्न केवळ खर्च वाचवण्याचा नव्हता.

जुन्नर त्यासाठी चांगले ठिकाण होते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ७०० मीटर, हिवाळा बऱ्यापैकी थंड, कुकडीच्या खोऱ्यातली जमीन कसदार, आणि बहामनी-निजामशाहीपासून इथे बागाईत करणाऱ्या लोकांची वस्ती. मुंबईचा जुना घाटरस्ताही जवळचा. दख्खनच्या मोकळ्या पठारावर उन्हाळ्यात जे पीक करपून जाईल, ते इथे थंडीत येऊ शकत होते.

अशा पिकांपैकी महत्त्वाचे एक म्हणजे खुरासानी ओवा. नावात ओवा असला तरी आपल्या स्वयंपाकघरातल्या ओव्याशी त्याचे काही नाते नाही. तो धोतऱ्याच्या कुळातला आहे, विषारी आहे आणि घरगुती उपाय म्हणून त्याला हात न लावणेच बरे. वैद्यांना आणि हकिमांना तो शतकानुशतके माहीत होता. विलायती डॉक्टर तो पोटातल्या मुरड्यावर, खोकल्याच्या उबळीवर आणि झोपेसाठी देत. अफूनेही झोप येते, पण तिने बद्धकोष्ठ होते. खुरासानी ओव्याचे तसे नव्हते. शिवाय एक जोडगोळी फार चालत असे. इंद्रावण, म्हणजे कडू कवंडळ, हे जालीम रेचक. त्याने पोटात असह्य कळा येत. म्हणून गोळीत इंद्रावणाबरोबर खुरासानी ओव्याचे सत्त्व मिसळत. पहिल्याने पोट साफ करायचे, दुसऱ्याने कळ थांबवायची. इंद्रावण तर आपल्याकडच्या कोरड्या माळावर आपोआप उगवते. दुसरा घटक इथे पिकवता आला की अख्खी गोळीच देशी झाली.

सत्त्व काढण्याची रीत ऐकायला सोपी वाटते. झाड फुलोऱ्यावर आले की ताजी पाने खुडायची, कुटायची आणि दाबून रस काढायचा. रस मंद आचेवर गरम केला की हिरवा चोथा साकळतो, तो गाळून टाकायचा. उरलेले पाणी हलक्या उष्णतेवर आटवत न्यायचे, ते खीर होईपर्यंत, मग गोळा वळेपर्यंत. आच थोडी जास्त झाली की सत्त्व करपले, कमी झाली की आटायच्या आधीच आंबले. शिवाय झाड कोवळे असताना खुडले की गुण कमी, जमीन बदलली की कमी-जास्त, पाऊस लांबला की वेगळेच. विलायतेत दुसऱ्या वर्षी फुलणाऱ्या झाडाची पाने उत्तम मानत. इथल्या हवेत झाडाचे वेळापत्रक तेच राहील, असे गृहीत धरता येत नव्हते.

या सगळ्या अनिश्चिततेचे मूळ काय, त्याचा उलगडा त्याच सुमारास युरोपात होत होता. अफूतून मॉर्फिन वेगळे काढले गेले होते. १८२० मध्ये पॅरिसला पेलेतिए आणि काव्हांतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. १८३३ साली गायगर आणि हेस या दोघांनी खुरासानी ओव्यातून हायोसायमीन नावाचा पदार्थ वेगळा केला. म्हणजे गिब्सन दापुरीला येण्याच्या पाच वर्षे आधीच त्या झाडातला खरा कर्ता सापडला होता. सुक्या पानांत या जातीच्या अल्कलॉइडांचे प्रमाण शंभर ग्रॅममागे दशांश ग्रॅमच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. बाकी सगळा पालापाचोळा. इतक्या थोड्या द्रव्यावर औषधाचा गुण आणि विष दोन्ही अवलंबून असतील, तर हवामानाच्या किंचित फरकाने मात्रा कशी चुकते हे लक्षात येईल.

हायोसायमीनची आणखी एक गंमत आहे. सत्त्व काढताना उष्णता किंवा क्षार यांमुळे त्याच्या रेणूंपैकी निम्म्यांची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटते आणि ते मिश्रण म्हणजेच अॅट्रोपीन. डावा हातमोजा उजव्या हातात नीट बसत नाही, तसा उलटा रेणू शरीरातल्या जागी नीट बसत नाही, म्हणून अॅट्रोपीनचा जोर मूळ द्रव्याच्या साधारण निम्मा असतो. भट्टीपाशी बसून रस आटवणाऱ्या मजुराच्या हातून सत्त्वाचा जोर कसा घटे, त्याचे एक कारण हे. पण ते समजायला रसायनशास्त्राला आणखी काही दशके लागायची होती. गिब्सन यांच्या हाती होता तो फक्त अनुभव: कुठल्या वाफ्यातले, कोणत्या महिन्यातले, कोणी आटवलेले सत्त्व चांगले निघाले, याची नोंद ठेवायची आणि पुढच्या हंगामात तसेच करायचे.

सोनामुखी हे दुसरे पीक. तिची पाने जुलाबासाठी आजही घरोघरी ठाऊक आहेत. विलायतेत अरबस्तान आणि इजिप्तकडून येणाऱ्या सोनामुखीत भलतीच पाने मिसळलेली असत, त्यामुळे खात्रीचा माल इथेच पिकवणे फायद्याचे होते. सोनामुखीतली सेनोसाइड नावाची द्रव्ये १९४१ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळी झाली. पुढे कळले की ती पोटात गेल्यावर लगेच काहीच करत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांची मोडतोड करतात आणि मग त्यातून काम करणारे द्रव्य तयार होते. रात्री घेतलेल्या सोनामुखीचा परिणाम सकाळी का दिसतो, त्याचे उत्तर यात आहे.

सगळेच काही झाडांवर भागत नव्हते. मलमासाठी तेव्हाच्या विलायती पुस्तकात डुकराची चरबी सांगितलेली असे. ती मऊ राहते, त्वचेत मुरते, पण इथल्या उन्हात लवकर खवट होते, आणि हिंदू असो की मुसलमान, अनेक रोगी ती अंगाला लावून घ्यायला तयार नसत. १८६८ साली एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेल्या भारतीय औषधसंहितेत कोकमाच्या बियांच्या तेलाची दखल घेतली गेली. कोकणातल्या बायका भेगाळलेल्या टाचांना जे लावत आल्या, ते शेवटी सरकारी पुस्तकात पोहोचले.

इथे एक गोष्ट खटकते. हिवऱ्यात पाने खुडणारे, भट्टी सांभाळणारे, डोंगरातून मुळ्या आणून देणारे आणि कुठले झाड कशावर चालते हे सांगणारे लोक कोण होते, त्यांची नावे या इतिहासात भेटत नाहीत. दापुरीच्या बागेतल्या झाडांची फार देखणी चित्रे गिब्सन यांनी काढवून घेतली, १८४७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत. दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या राजेशाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि त्यांच्यावर ग्रंथही झाला आहे. ती काढणारा चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता एवढेच सांगितले जाते. त्याचे नाव नाही. गिब्सन एकटेच असे वागले असे नव्हे, तेव्हाची रीतच ती होती. पण रीत होती म्हणून नुकसान कमी होत नाही.

औषधी झाडांच्या शोधात सह्याद्री पालथा घालताना गिब्सन यांना दुसरेच काही दिसू लागले. सागाची तोड बेसुमार चालली होती. मुंबईच्या गोदीत जहाजबांधणीला साग हवा होता, वाढत्या शहराला जळण आणि कोळसा हवा होता, आणि ठेकेदाराला कोणी विचारणारे नव्हते. घाटउतारावरचे रान गेले की उन्हाळ्यात झरे आटतात, माती वाहून जाते आणि कोकणातल्या खाड्या गाळाने भरतात, असे त्यांनी सरकारला कळवले. रानतोडीमुळे पाऊसही घटतो, हे त्या काळच्या बऱ्याच डॉक्टर-वनस्पतिज्ञांचे मत त्यांनाही पटलेले होते. आजच्या विज्ञानाला पावसाबद्दलचा दावा इतका सरळ वाटत नाही. मात्र माती, झरे आणि गाळ यांबद्दल ते जे म्हणत होते ते खरेच होते. माळीण दुर्घटनेनंतर आंबेगावच्या डोंगरउतारांची चर्चा करताना उताराची माती कशाने धरून राहते, हा प्रश्न पुन्हा निघालाच.

१८४७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले आणि ते गिब्सन यांना मिळाले. मद्रास इलाख्यात ह्यू क्लेगहॉर्न यांची तशी नेमणूक व्हायला १८५६ साल उजाडावे लागले. क्लेगहॉर्नही डॉक्टरच. रोग्याची नाडी पाहणाऱ्यांच्या हाती रानाचा कारभार गेला तो असा. साधारण १८६० पर्यंत गिब्सन त्या पदावर होते.

या कामाला दुसरी बाजू आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला, नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर राहतात. उतारावर थोडे रान जाळून नाचणी, वरई, सावा पेरायचा, भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, ही त्यांची जगण्याची पद्धत. वनसंरक्षकाच्या दृष्टीने तो रानाचा नाश होता आणि डोंगरात फिरती शेती करण्याला गिब्सन यांचा विरोध होता. जहाजांसाठी पडणारा साग आणि पोटासाठी भाजलेला राब यांना एकाच तराजूत घालणे न्यायाचे नव्हते. गिब्सन गेल्यावर आलेल्या १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानाच्या भिंती पक्क्या केल्या आणि डोंगरातल्या माणसाला स्वतःच्याच रानात परवानगी मागावी लागली. तो कायदा गिब्सन यांनी केला नाही, पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल त्यांच्या कारकिर्दीत पडले होते, हे नाकारता येत नाही.

आणि त्या रानातले सर्वांत मोठे औषध या लोकांच्याच हातून बाहेर येत राहिले. ते म्हणजे हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांत कोवळी फळे गोळा करून वाळवतात, तो बाळहिरडा. त्याच्यावर उन्हाळ्यात अनेक घरांची मीठमिरची चालते. त्रिफळ्यातल्या तीन फळांपैकी हे एक. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून इंग्रजी अमदानीत कातडी कमावण्यासाठी हिरड्याची मोठी निर्यात होई. चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक ही आम्ले त्याच्या शास्त्रीय नावावरूनच ओळखली जातात. हिवऱ्याच्या बागेत वाफे करून, पाणी देऊन परदेशी औषध वाढवले जात होते, तेव्हा पलीकडच्या डोंगरात हे औषध कोणी न लावता पिकत होते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तीच झाडे मोडली, तेव्हा त्यांच्यावर किती घरे उभी होती ते बाहेरच्यांना कळले.

गिब्सन यांनी एन. ए. डाल्झेल यांच्यासह लिहिलेला बॉम्बे फ्लोरा हा ग्रंथ १८६१ मध्ये मुंबईत छापला गेला. इलाख्यात तोवर सापडलेल्या वनस्पतींचे थोडक्यात वर्णन देणारे ते पहिले हाताशी धरण्याजोगे पुस्तक. पुढच्या अभ्यासकांनी त्यात बऱ्याच चुका काढल्या, काही नावे बदलली, पण सुरुवात तिथूनच करावी लागली. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या एका आमरीला, हॅबेनेरिया गिब्सनी हिला, त्यांचे नाव मिळाले आहे. पुस्तक निघाल्यावर सहा वर्षांनी, १८६७ च्या जानेवारीत, गिब्सन वारले.

हिवऱ्याची औषधबाग काळाच्या ओघात मोडली. तिचे काम कारखान्यांकडे गेले होते. जर्मनीत मर्क यांनी १८२७ पासूनच अल्कलॉइडे शुद्ध करून विकायला सुरुवात केली होती. कुपीत नेमके किती मिलिग्रॅम आहेत हे सांगता येऊ लागल्यावर काकवीसारख्या सत्त्वावर विसंबायचे कारण उरले नाही. झाड मात्र पूर्ण सुटले नाही. पोटातल्या मुरड्यासाठी डॉक्टर लिहून देतात ते हायोसीन आजही बहुतांशी ऑस्ट्रेलियातल्या ड्युबॉइसिया नावाच्या झाडाच्या पानांतूनच काढले जाते, आणि ते झाडही धोतऱ्याच्याच कुळातले.

टोमॅटो आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात कीटकनाशकांची फवारणी सतत चालते. त्यातल्या फॉस्फरसयुक्त औषधांची विषबाधा झालेला माणूस रुग्णालयात येतो तेव्हा तोंडाला लाळ सुटलेली असते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, छाती पाण्याने भरून श्वास घरघरत असतो. अशा वेळी पहिली धावाधाव अॅट्रोपीनसाठी होते. शिरेतून एक इंजेक्शन, काही मिनिटांत दुसरे, गरज लागेल तसे वाढवत, छातीतली घरघर थांबेपर्यंत. कुपीतले ते द्रव्य म्हणजे खुरासानी ओव्यातल्या हायोसायमीनचेच आरशातल्या प्रतिबिंबासह झालेले मिश्रण.